एकाच संगणकावरून वेगवेगळ्या प्रोसेसरांसाठी लिनक्स कर्नलची पॅकेजं कशी बांधायची

रास्पबेरी पायवर किंवा एखाद्या छोट्या रिस्क-फाइव्ह (खुल्या रचनेचं प्रोसेसर-कुळ) बोर्डावर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, कंपाइल करायला बसलं की तासन्‌तास जातात. बोर्ड तापतो, आणि मेमरी कमी पडली तर कंपाइलर अर्ध्यातच मारला जातो. तेच काम टेबलावरच्या आठ कोअरच्या साध्या पीसीवर बऱ्याचदा अर्ध्या-पाऊण तासात होतं. पीसीचा प्रोसेसर वेगळा असला तरी अडत नाही. कंपाइलर चालतो एका जातीच्या प्रोसेसरवर आणि कोड काढतो दुसऱ्या जातीसाठी, यालाच क्रॉस-कंपाइल म्हणतात. बाकी सॉफ्टवेअरच्या मानाने कर्नल या पद्धतीने बांधणं खूप सोपं आहे, कारण कर्नल समोरच्या (म्हणजे ज्यासाठी बांधतोय त्या) यंत्रावरची एकही लायब्ररी वापरत नाही. योग्य कंपाइलर आणि सोर्स हाताशी असला की काम सुरू करता येतं.

हा लेख डेबियन १३ चालणाऱ्या ६४ बिट पीसीवरून डेब पॅकेजं (डेबियनच्या पद्धतीच्या इन्स्टॉल करायच्या फायली) बांधण्याबद्दल आहे. उबंटूवरही जवळजवळ हेच चालतं. कर्नल ६.१२ शाखेचा धरला आहे. ती दीर्घकाळ सांभाळली जाणारी शाखा आहे आणि डेबियन १३ मध्येही तीच आहे. वाचायला सोपं जावं म्हणून कमांडही देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमनमध्ये टंकायच्या. बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडची नावं (आर्च, क्रॉस_कंपाइल, ओ वगैरे) मोठ्या अक्षरांत, बाकी जवळजवळ सगळं लहान अक्षरांत. अपवाद पुढे येणाऱ्या ‘इमेज’ फाइलचा पहिला ‘आय’, ‘टीटीवायएएमए०’मधला ‘एएमए’ आणि ‘टीटीवायएस०’मधला ‘एस’: ते मोठे.

मेक (बांधणी चालवणारा प्रोग्राम) वापरून ‘मेक इन्स्टॉल’ने फायली बोर्डावर नेता येत असताना पॅकेजच का बांधायचं, असा प्रश्न येईल. हाताने टाकलेल्या कर्नलचा हिशेब यंत्राकडे नसतो. कुठली मॉड्यूलं (कर्नलचे लागतील तसे भरायचे सुटे भाग) कुठल्या कर्नलची, काय काढलं तर काय मोडेल, हे सहा महिन्यांनी तुम्हालाही सांगता येत नाही. पॅकेज टाकलं की इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी तात्पुरती फाइलसिस्टिम) आपोआप तयार होतो, बूटलोडरच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) यादीत नोंद पडते, आणि नको झालं की एका कमांडमध्ये सगळं निघतं. पाच बोर्डांवर तोच कर्नल टाकायचा असेल तर दुसरा मार्ग विचारातही घेऊ नका.

आधी नावं पक्की करा

या कामातल्या निम्म्या अडचणी नावांच्या घोळातून येतात. एकाच प्रोसेसर-कुळाला कर्नल एक नाव देतो, कंपाइलर दुसरं आणि डेबियन तिसरं. कर्नलला लागणारं नाव म्हणजे सोर्समधल्या ‘आर्च’ फोल्डरातल्या उपफोल्डरचं नाव; ते मेकला ‘आर्च’ या चलात द्यायचं. कंपाइलरचा उपसर्ग जीएनयूच्या पद्धतीने ठरतो आणि ‘क्रॉस_कंपाइल’ या चलात जातो. पॅकेजवरची चिठ्ठी डेबियनची असते. नेहमी लागणाऱ्या जोड्या अशा:

६४ बिट आर्म: कर्नलला ‘आर्म६४’, कंपाइलरला ‘एआर्च६४-लिनक्स-जीएनयू-’ (रोमनमध्ये सुरुवातीला ‘ए’ दोनदा), डेबियनला ‘आर्म६४’.
३२ बिट आर्म: कर्नलला ‘आर्म’, कंपाइलरला ‘आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ-’, डेबियनला ‘आर्मएचएफ’.
६४ बिट रिस्क-फाइव्ह: कर्नलला नुसतं ‘रिस्कव्ही’, कंपाइलरला ‘रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू-’, डेबियनला ‘रिस्कव्ही६४’.
आयबीएम पॉवर: कर्नलला ‘पॉवरपीसी’, कंपाइलरला ‘पॉवरपीसी६४एलई-लिनक्स-जीएनयू-’, डेबियनला ‘पीपीसी६४ईएल’.
आयबीएम मेनफ्रेम: कर्नलला ‘एस३९०’, कंपाइलरला ‘एस३९०एक्स-लिनक्स-जीएनयू-’, डेबियनला ‘एस३९०एक्स’.

पॉवरच्या ओळीत कंपाइलरकडे शेवटी ‘एलई’ आहे आणि डेबियनकडे ‘ईएल’. दोन अक्षरांच्या या उलटापालटीने भल्याभल्यांचा वेळ खाल्ला आहे. ही यादी कागदावर लिहून स्क्रीनशेजारी चिकटवा.

उपसर्गाच्या शेवटची आडवी रेघ त्या नावाचाच भाग आहे. मेक त्या उपसर्गापुढे सरळ ‘जीसीसी’, ‘एलडी’, ‘ऑब्जकॉपी’ अशी नावं जोडतो. रेघ विसरलात तर ‘जीएनयूजीसीसी’ नावाचा प्रोग्राम सापडत नाही अशी तक्रार येते. आर्च दिलं आणि क्रॉस_कंपाइल विसरलात तर पीसीचाच जीसीसी ‘-एमलिटल-एन्डियन’ हा पर्याय ओळखत नाही म्हणून थांबतो. हे दोन संदेश ओळखीचे असले की शोधाशोध वाचते.

सामान गोळा करा

यंत्रावर बिल्ड-इसेन्शियल, बीसी, बायसन, फ्लेक्स, आरसिंक, केमॉड, सीपीआयओ, डेबहेल्पर, लिबएसएसएल-डेव्ह, लिबईएलएफ-डेव्ह, लिबएनकर्सेस-डेव्ह आणि ड्वार्व्ह्ज ही पॅकेजं घाला. शेवटच्या पॅकेजाबरोबर पाहोल हा प्रोग्राम येतो. बीटीएफ (कर्नलमधल्या रचनांची आटोपशीर माहिती) चालू असलेली कॉन्फिग (कर्नलमध्ये काय काय घ्यायचं याची यादी) त्याच्याशिवाय पुरी होत नाही. यातल्या लायब्रऱ्या पीसीसाठीच्या आहेत. कर्नल बांधताना मॉडपोस्ट, फिक्सडेप अशी काही छोटी हत्यारं आधी पीसीवर चालण्यासाठी बांधली जातात आणि त्यांना त्या लागतात.

मग क्रॉस-कंपाइलर:

एपीटी इन्स्टॉल जीसीसी-एआर्च६४-लिनक्स-जीएनयू जीसीसी-रिस्कव्ही६४-लिनक्स-जीएनयू जीसीसी-आर्म-लिनक्स-जीएनयूईएबीआयएचएफ

सोर्स कर्नल डॉट ऑर्गवरून घ्या. गिट वापरत असाल तर स्टेबल भांडारातली ‘लिनक्स-६.१२.वाय’ शाखा ‘--डेप्थ १’ लावून उतरवा, नाहीतर सगळा इतिहास डाउनलोड होईल. टारबॉल घेतलात तर सही तपासूनच पुढे जा. सही ही न दाबलेल्या टार फाइलची असते, म्हणून आधी एक्सझेड उलगडायचं आणि मग जीपीजीने पडताळायचं. थेट दाबलेल्या फाइलवर तपासलं तर सही चुकीचीच दिसणार.

जागा निवडताना दोन पथ्यं पाळा. मार्गात कुठेही मोकळी जागा किंवा विसर्गासारखी दोन टिंबं नकोत, कर्नलची मेकफाइल तिथेच अडते. आणि फाइलसिस्टिम मोठ्या-लहान अक्षरांत फरक करणारी हवी. विंडोजमधलं डब्ल्यूएसएल वापरणाऱ्या विद्यार्थ्यांना हे मुद्दाम सांगतो: सोर्स सी ड्राइव्हवर ठेवू नका, लिनक्सच्या आतल्या होम फोल्डरात ठेवा. नेटफिल्टरमध्ये (कर्नलमधल्या नेटवर्क-गाळणीच्या कोडमध्ये) फक्त अक्षरांच्या लहान-मोठेपणाने वेगळ्या असलेल्या फायलींच्या जोड्या आहेत. विंडोजच्या डिस्कवर एक फाइल दुसरीवर लिहिली जाते आणि पुढे कुठेतरी न समजणारी चूक येते.

डिस्कवर २५ जीबी मोकळी ठेवा. डीबग माहितीसकट पूर्ण कॉन्फिग बांधायची असेल तर ती अख्खी लागू शकते.

कॉन्फिग: इथे घाई नको

प्रत्येक आर्किटेक्चरसाठी बांधणीचा फोल्डर वेगळा ठेवा. सोर्स एकच, पण ‘ओ’ या चलात वेगळा मार्ग द्यायचा. सोर्सच्या आतच एकदा आर्म आणि एकदा रिस्क-फाइव्ह बांधत राहिलात तर प्रत्येक वेळी सगळं पुसावं लागतं. सोर्सचा फोल्डर मात्र कोरा हवा. आधी तिथे काही बांधलं असेल तर ‘मेक एमआरप्रॉपर’ चालवा. मग:

मेक ओ=../बांधणी-आर्म६४ आर्च=आर्म६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- डिफकॉन्फिग

६४ बिट आर्मला ही एकच डिफकॉन्फिग (सोर्सबरोबर येणारी मूळ कॉन्फिग) जवळजवळ सगळ्या बोर्डांना पुरते. पूर्वी असं नव्हतं. ३२ बिट आर्मच्या जगात प्रत्येक चिपला वेगळा कर्नल लागायचा आणि बोर्डाची माहिती थेट सी कोडमध्ये लिहिलेली असायची. २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी यावर जाहीर संताप व्यक्त केला होता. मग ही माहिती डिव्हाइस ट्री नावाच्या वेगळ्या फायलींत हलवण्याच्या कामाने वेग घेतला, आणि डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ कर्नलपासून वेगवेगळ्या कंपन्यांच्या ३२ बिट चिप एकाच कर्नल-फाइलवर चालवायची सोय झाली. ६४ बिट आर्मचा आधारही त्याच आवृत्तीत आला. आज एक डेब पॅकेज दहा कंपन्यांच्या बोर्डांवर चालतं ते या कामामुळे. ३२ बिटवर अजूनही अनेक डिफकॉन्फिग आहेत. कॉर्टेक्स-ए जातीच्या बहुतेक बोर्डांना ‘मल्टी_व्ही७_डिफकॉन्फिग’ घ्या.

डिफकॉन्फिग ही सुरुवात म्हणून ठीक. रोजच्या वापराच्या यंत्राला डेबियनची स्वतःची कॉन्फिग बरी, कारण तिच्यात नेटवर्क, फाइलसिस्टिम, सुरक्षा यांचे पर्याय अनुभवाने निवडलेले असतात. बोर्डावर डेबियन आधीच चालत असेल तर बूट फोल्डरातली ‘कॉन्फिग-’ने सुरू होणारी फाइल उचला. काही बोर्डांवर ती प्रॉक फोल्डरात ‘कॉन्फिग.जीझेड’ म्हणून मिळते. बोर्ड हाताशी नसेल तर त्या आर्किटेक्चरचं लिनक्स-इमेज पॅकेज उतरवून ‘डीपीकेजी-डेब -एक्स’ने उलगडा, आत कॉन्फिग असते. ती बांधणीच्या फोल्डरात ‘.कॉन्फिग’ नावाने ठेवून, आर्च आणि क्रॉस_कंपाइल दोन्ही देऊन ‘ओल्डडिफकॉन्फिग’ चालवा. नव्या पर्यायांना त्यांची मूळ उत्तरं आपोआप भरली जातात.

कॉन्फिगच्या पायरीलाही क्रॉस_कंपाइल लागतं, ही गोष्ट अनेक जुन्या मार्गदर्शिकांत सापडत नाही. ४.१८ पासून कर्नलची कॉन्फिग-यंत्रणा कंपाइलरलाच विचारते की तुला हा पर्याय जमतो का, आणि उत्तरावरून काही पर्याय दाखवते किंवा लपवते. भलत्या कंपाइलरने बनवलेली कॉन्फिग बांधणीच्या वेळी गुपचूप बदलते.

याहून घातक म्हणजे आर्च विसरणं. पंधरा मिनिटं मेनूकॉन्फिगमध्ये (पर्याय निवडायच्या मेनूत) घालवून आर्म६४ची कॉन्फिग जमवली, आणि नंतर एक छोटा बदल करायला आर्च न देता नुसतं ‘मेक ओ=... मेनूकॉन्फिग’ म्हटलं, तर मेक तीच फाइल पीसीची समजून वाचतो आणि सेव्ह करताना आर्मचे सगळे पर्याय टाकून देतो. चूक दाखवणारा संदेश येत नाही. म्हणून बांधणीआधी ‘.कॉन्फिग’ची वरची पाच-सहा ओळींची चौकट उघडून पाहा. तिथे ‘लिनक्स/आर्म६४’ आणि आवृत्ती लिहिलेली असते, आणि जरा खाली कंपाइलरचं पूर्ण नाव असतं. ‘लिनक्स/एक्स८६’ दिसलं तर थांबा. काही लोक हे टाळायला आर्च शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवतात. तसं करू नका. दुसऱ्या दिवशी पीसीसाठी काही बांधायला गेलात की तेच चल आडवं येतं. प्रत्येक आर्किटेक्चरची दोन ओळींची छोटी स्क्रिप्ट ठेवा आणि मेक नेहमी तिच्यातूनच चालवा.

‘लोकलमॉडकॉन्फिग’ ही कमांड कॉन्फिग आटोपशीर करते म्हणून लोकप्रिय आहे. पण ती चालू यंत्रावर भरलेल्या मॉड्यूलांची यादी वाचते, आणि इथे चालू यंत्र तुमचा पीसी आहे. वापरायचीच असेल तर बोर्डावर ‘एलएसमॉड’चा निकाल फाइलमध्ये घ्या आणि मेकला ‘एलएसमॉड’ या चलात त्या फाइलचा मार्ग द्या.

डेबियन किंवा उबंटूची कॉन्फिग घेतली असेल तर आणखी काही ठिकाणी हात फिरवावा लागतो.

सिस्टम_ट्रस्टेड_कीज या पर्यायात त्यांच्या स्वतःच्या प्रमाणपत्राच्या फाइलचा मार्ग असतो. ती फाइल मूळ कर्नलच्या सोर्समध्ये नाही, त्यामुळे ‘डेबियन/सर्ट्‌स’मधली पीईएम फाइल कशी बनवायची ते माहीत नाही असं म्हणून मेक थांबतो. सोर्समधली ‘स्क्रिप्ट्स/कॉन्फिग’ वापरून, ‘--फाइल’मध्ये बांधणीच्या फोल्डरातल्या कॉन्फिगचा मार्ग आणि ‘--सेट-एसटीआर’ने रिकामं मूल्य द्या. उबंटूच्या कॉन्फिगमध्ये सिस्टम_रिव्होकेशन_कीजलाही हेच लागतं.

डीबग माहिती चालू असते. तिच्यामुळे बांधणीचा वेळ आणि जागा दोन्ही वाढतात आणि नावाच्या शेवटी ‘डीबीजी’ असलेलं एक प्रचंड पॅकेज वेगळं तयार होतं. नको असेल तर डीबग_इन्फो_नन चालू करा आणि आधी निवडलेला ड्वार्फचा पर्याय बंद करा. मात्र त्याबरोबर बीटीएफही जातं. बोर्डावर ईबीपीएफची (चालू कर्नलच्या आत छोटे प्रोग्राम चालवायच्या सोयीची) हत्यारं चालवणार असाल तर डीबग माहिती ठेवलेली बरी.

लोकलव्हर्जनमध्ये स्वतःची ओळख लिहा, उदाहरणार्थ ‘-शेत१’. नाहीतर तुमचा कर्नल आणि दुसरा त्याच आवृत्तीचा कर्नल मॉड्यूलांच्या एकाच फोल्डरावर हक्क सांगतील.

आर्म६४वर पेजचा आकार ४, १६ किंवा ६४ केबी निवडता येतो. रास्पबेरी पाय ५ वर रास्पबेरी पाय ओएसचा मूळ कर्नल १६ केबीचा आहे. वेगाला ते बरं, पण ४ केबी गृहीत धरून बांधलेले काही प्रोग्राम त्यावर पडतात. खास कारण नसेल तर ४ केबीच ठेवा.

बांधणी

मेक ओ=../बांधणी-आर्म६४ आर्च=आर्म६४ क्रॉस_कंपाइल=एआर्च६४-लिनक्स-जीएनयू- -जे८ बिनडेब-पीकेजी

‘-जे’पुढे कोअरची संख्या घाला. मेमरी ८ जीबी किंवा कमी असेल तर संख्या कमी ठेवा, कारण शेवटी सगळं जोडताना मेमरी एकदम लागते. ‘डेब-पीकेजी’ असंही एक लक्ष्य आहे. ते सोर्स पॅकेजसुद्धा बनवतं, ज्याची स्वतःपुरत्या कामात गरज नसते.

सुरुवातीलाच आवश्यक पॅकेजं नाहीत म्हणून डीपीकेजी अडला तर यादी नीट वाचा. क्रॉस बांधणीत तो कधीकधी समोरच्या आर्किटेक्चरचं लिबएसएसएल-डेव्ह मागतो. ‘डीपीकेजी --ॲड-आर्किटेक्चर आर्म६४’ करून, यादी ताजी करून ‘लिबएसएसएल-डेव्ह:आर्म६४’ घातलं की प्रश्न मिटतो. घालायचं नसेल तर मेकला ‘डीपीकेजी_फ्लॅग्ज=-डी’ देऊन तपासणी टाळता येते. पण काय नाही म्हणून टाळतोय ते कळलं असेल तरच.

पॅकेजं बांधणीच्या फोल्डरात पडत नाहीत, त्याच्या एक पायरी वर पडतात. लिनक्स-इमेज हे मुख्य. लिनक्स-हेडर्स बोर्डावर बाहेरची मॉड्यूलं बांधायला. लिनक्स-लिबसी-डेव्ह सी प्रोग्रामना लागणारी हेडर फायली देतं. ते टाकू नका, डेबियनचं त्याच नावाचं पॅकेज बदललं जातं आणि मिळत काहीच नाही. पॅकेजची आवृत्ती स्वतः ठरवायची असेल तर केडेब_पीकेजीव्हर्जन हे चल द्या. अनेक बोर्डांवर पाठवत असाल तर हे करा, म्हणजे कुठल्या बोर्डावर कुठली बांधणी आहे ते डीपीकेजीच सांगेल.

३२ बिट आर्मचं एक वैशिष्ट्य सांगायला हवं. कर्नल स्वतः दशांश-गणिताची यंत्रणा वापरत नाही, त्यामुळे कंपाइलर ‘एचएफ’वाला आहे की नाही याने कर्नलमध्ये फरक पडत नाही. पण पॅकेजवर ‘आर्मएचएफ’ लिहायचं की ‘आर्मईएल’, हे कॉन्फिगमधल्या व्हीएफपी पर्यायावरून ठरतं. भलती चिठ्ठी लागली आणि बोर्डाने पॅकेज नाकारलं तर आधी तो पर्याय पाहा. केबिल्ड_डेबआर्च या चलाने चिठ्ठी सक्तीने बदलताही येते.

हेडर्सच्या पॅकेजकडे लक्ष द्या. त्याच्या आत मॉडपोस्ट, फिक्सडेपसारखे चालणारे प्रोग्राम असतात, आणि क्रॉस बांधणीत ते पीसीसाठी बनलेले असतात. जुन्या कर्नलमध्ये ते तसेच पॅकेजात जायचे. मग बोर्डावर डीकेएमएस (बाहेरची मॉड्यूलं आपोआप पुन्हा बांधणारं हत्यार) चालवलं की ‘एक्झेक फॉरमॅट एरर’. नव्या आवृत्त्यांत ते समोरच्या कंपाइलरने पुन्हा बांधायची सोय केलेली आहे, आणि समोरच्या आर्किटेक्चरचं लिबएसएसएल लागतं ते त्यासाठीच. तुमच्या पॅकेजात काय आलं ते उलगडून ‘फाइल’ कमांडने पाहा. पीसीचेच प्रोग्राम असतील तर बाहेरची मॉड्यूलंही पीसीवरच बांधा: त्याच बांधणी-फोल्डरात, तेच आर्च आणि क्रॉस_कंपाइल देऊन, ‘एम’ या चलात मॉड्यूलच्या सोर्सचा मार्ग.

बोर्डावर नेण्याआधी तपासा

‘डीपीकेजी-डेब --इन्फो’ चालवून आर्किटेक्चरची ओळ वाचा. मग पॅकेज तात्पुरत्या फोल्डरात उलगडा. एखादं ‘.केओ’ मॉड्यूल घेऊन (दाबलेलं असेल तर आधी उलगडून) त्यावर ‘रीडईएलएफ -एच’ चालवा आणि मशीनच्या ओळीत अपेक्षित प्रोसेसर आहे का ते पाहा. याला मिनिटही लागत नाही.

बूट फोल्डरातल्या व्हीएमलिनझ फाइलवरही ‘फाइल’ चालवा. पीसीचा बीझेडइमेज आणि ३२ बिट आर्मचा झेडइमेज स्वतःला स्वतः उलगडतात. आर्म६४च्या साध्या इमेजमध्ये ती सोय नाही. ती जीझिपने दाबलेली असेल तर उलगडायचं काम बूटलोडरचं. तुमच्या बोर्डाचा यू-बूट हा बूटलोडर ते करत नसेल तर ‘आर्च/आर्म६४/बूट’मधली न दाबलेली ‘इमेज’ फाइल वापरा.

मग क्यूईएमयूमध्ये (दुसऱ्या प्रोसेसरचं यंत्र सॉफ्टवेअरमध्ये उभं करणाऱ्या प्रोग्राममध्ये) सुरू करून बघा. हार्डवेअरला हात लावण्याआधी एवढं कराच.

क्यूईएमयू-सिस्टम-एआर्च६४ -मशीन व्हर्ट -सीपीयू मॅक्स -एम २जी -नोग्राफिक -कर्नल इमेज -अपेंड "कन्सोल=टीटीवायएएमए०"

रूट डिस्क न देता चालवलं तर कर्नल सगळा सुरू होतो आणि शेवटी ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’ म्हणत पॅनिक करतो. घाबरू नका, या चाचणीत तेच हवं आहे. कर्नल उलगडला, प्रोसेसर ओळखला, मेमरी मांडली, ड्रायव्हर सुरू झाले आणि आता डिस्क मागतोय. बाहेर पडायला कंट्रोल-ए, मग एक्स. स्क्रीनवर एक अक्षरही न येता सगळं शांत राहिलं तर बहुधा कन्सोलचं नाव चुकलं आहे. आर्मच्या व्हर्ट मशीनला टीटीवायएएमए०, रिस्क-फाइव्हच्या व्हर्टला टीटीवायएस०, पॉवरच्या पीसिरीजला एचव्हीसी०. रिस्क-फाइव्हवर कर्नलच्या आधी ओपनएसबीआय या फर्मवेअरचा मजकूर येतो. तो आला आणि पुढे काही नाही, तर फर्मवेअर ठीक आहे, शोध कर्नलमध्ये किंवा कन्सोलमध्ये घ्या.

बोर्डावर

पॅकेज कॉपी करून ‘एपीटी इन्स्टॉल ./’ आणि फाइलचं नाव. चालू असलेला जुना कर्नल काढू नका. नवा कर्नल दोन-तीन वेळा नीट सुरू होईपर्यंत परतीची वाट मोकळी हवी.

पीसीवर कर्नल बहुतेक हार्डवेअर स्वतः शोधतो. छोट्या बोर्डांवर शोधायची सोय नसते, त्यामुळे कुठल्या पत्त्यावर काय आहे हे डिव्हाइस ट्रीची डीटीबी फाइल सांगते. बिनडेब-पीकेजी या फायली यूएसआर/लिब/लिनक्स-इमेज-आवृत्ती या फोल्डरात ठेवतो. रास्पबेरी पाय ४ ची असते ‘ब्रॉडकॉम/बीसीएम२७११-आरपीआय-४-बी.डीटीबी’. ती बूटलोडरपर्यंत कोण पोचवतो हे बोर्डावर अवलंबून आहे. डेबियनमध्ये रास्पबेरीसाठी रास्पी-फर्मवेअर हे पॅकेज कर्नल आणि डीटीबी फर्मवेअरच्या विभागात कॉपी करतं. यू-बूटवाल्या बोर्डांना यू-बूट-मेनू किंवा फ्लॅश-कर्नल. यातलं काहीच नसेल तर पॅकेज व्यवस्थित बसतं आणि बोर्ड मात्र जुन्याच कर्नलवर सुरू होतो. म्हणून रीबूटनंतर पहिलं काम ‘यूनेम -आर’, आणि त्यात तुमचं लोकलव्हर्जन दिसतंय का ते पाहणं.

३२ बिट आर्मवर जुनी स्क्रिप्ट वापरत असाल तर ६.५ पासून डीटीबी फायली कंपनीच्या नावाच्या उपफोल्डरांत गेल्या आहेत. आधी सगळ्या एकाच फोल्डरात होत्या. अपग्रेडनंतर बोर्ड उठला नाही तर हे कारण आधी तपासा.

यूएसबी-सिरियल केबल घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. ३.३ व्होल्टचीच घ्या, ५ व्होल्टने पिना जळतात. वेग बहुतेक बोर्डांवर ११५२००. मॉनिटर लागण्याआधीच कर्नल अडला तर का अडला हे सांगणारी ती एकच जागा आहे.

बाकीचे प्रोसेसर, बाकीची पॅकेजं

वरची सगळी पद्धत रिस्क-फाइव्हला जशीच्या तशी लागू आहे, नावं तेवढी बदलायची. कर्नलमध्ये तिचा आधार जानेवारी २०१८ च्या ४.१५ मध्ये आला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ती अधिकृत आर्किटेक्चर आहे, म्हणजे आपल्या कर्नलभोवतीची बाकी सिस्टिम आता सरळ एपीटीने मिळते. आपल्याकडे हे शिकून घ्यायला वेगळं कारणही आहे. आयआयटी मद्रासचे शक्ती आणि सीडॅकचे वेगा हे प्रोसेसर रिस्क-फाइव्हवरच आधारलेले आहेत. इंजिनिअरिंगच्या मुलांनी क्यूईएमयूवर हा सराव करावा, बोर्डासाठी थांबायचं कारण नाही.

प्रत्येक आर्किटेक्चरला वेगळा जीसीसी नको असेल तर क्लँग वापरा. क्लँग, एलएलडी आणि एलएलव्हीएम ही पॅकेजं घाला आणि मेकला ‘एलएलव्हीएम=१’ द्या. एकच कंपाइलर सगळ्यांसाठी कोड काढतो, क्रॉस_कंपाइल लागतच नाही, आर्च दिलं की झालं. चार-पाच आर्किटेक्चर सांभाळणाऱ्याला मी हेच सुचवेन. फक्त एका बांधणी-फोल्डरात एकदा जीसीसी आणि एकदा क्लँग असं करू नका.

फेडोरासारख्या सिस्टिमसाठी लक्ष्याचं नाव बिनआरपीएम-पीकेजी, आर्च लिनक्स या सिस्टिमसाठी ६.११ पासून पॅकमन-पीकेजी. पॅकेज मॅनेजरच नसलेल्या छोट्या सिस्टिमसाठी टारएक्सझेड-पीकेजी.

डेबियनने स्वतःचे बदल घातलेला कर्नल हवा असेल तर मात्र हा रस्ता नाही. त्यासाठी डेबियनचं ‘लिनक्स’ हे सोर्स पॅकेज घेऊन डीपीकेजी-बिल्डपॅकेजला ‘-ए’ने आर्किटेक्चर आणि ‘क्रॉस’ हे प्रोफाइल द्यावं लागतं. ते जड काम आहे, एकाच आर्किटेक्चरच्या अनेक जाती एका दमात बांधल्या जातात. एक ड्रायव्हर चालू करायला किंवा एक पॅच तपासायला ते उपसू नका.

नियमित बांधणार असाल तर सीकॅश (आधीच्या कंपाइलचे निकाल साठवून पुन्हा वापरणारा प्रोग्राम) घाला. कंपाइलरचं नाव देण्याच्या जागी क्रॉस_कंपाइलमध्ये ‘सीकॅश ’ आधी लिहून सगळा उपसर्ग अवतरणात द्या. एक पॅच बदलून पुन्हा बांधताना वेळ खूप वाचतो. आणि जमलेली कॉन्फिग ‘सेव्हडिफकॉन्फिग’ने आटोपशीर करून गिटमध्ये ठेवा, प्रत्येक आर्किटेक्चरची वेगळी फाइल. पूर्ण ‘.कॉन्फिग’ हजारो ओळींची असते आणि तिच्यातले दोन आवृत्त्यांमधले फरक वाचता येत नाहीत. आटोपशीर फाइलमध्ये फक्त तुम्ही मूळ उत्तरापासून बदललेल्या ओळी राहतात. पुढची शाखा आली की आधीच्या बांधणीतली पूर्ण ‘.कॉन्फिग’ बांधणीच्या नव्या फोल्डरात ठेवा (आटोपशीर फाइल ठेवलीत तर जवळजवळ सगळेच पर्याय नवे दिसतील) आणि ओल्डडिफकॉन्फिगच्या आधी ‘लिस्टन्यूकॉन्फिग’ चालवून नवीन काय आलं ते एकदा वाचून घ्या.